चौघांचा तंबू, दोघांची पाठ

मुलांना घेऊन गडावर मुक्कामाला जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली खरेदी तंबूची होते. मोबाइलवर ‘चार माणसांचा टेंट’ असे शोधायचे, स्वस्त ते महाग अशी यादी लावायची, हिरवळीवर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो बघायचा आणि मागवून टाकायचा. खोके घरी आल्यावर कळते की आतली पिशवी साडेचार-पाच किलोंची आहे. गाडीच्या डिकीतून पवना धरणाच्या काठावर न्यायची तर तिला नावे ठेवायचे कारण नाही. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढायचा असेल, तर मात्र ही पिशवी कोण उचलणार यावर पायथ्यालाच वाद सुरू होतो.

चौकोनी कुटुंबात तंबूत झोपणारे चार आणि ओझे वाहणारे दोन. तंबूची निवड या गणितावरून करायची. तंबू किती माणसांचा, कुठल्या कंपनीचा, किती रुपयांचा, हे सगळे नंतर.

आधी काटा

एक उदाहरण घेऊ. वडिलांचे वजन ७० किलो, आईचे ५८. मोठे मूल नऊ वर्षांचे, २६ किलोंचे. धाकटे पाच वर्षांचे. सवय नसलेल्या माणसाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे घेऊन डोंगर चढू नये, असा ट्रेकर मंडळींचा साधारण ठोकताळा आहे. मुलांसाठी शाळेच्या दप्तराचाच नियम लावावा. केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा दिली आहे, आणि ती सपाट रस्त्यासाठी आहे, हेही लक्षात असू द्या. म्हणजे वडील १४ किलो, आई साडेअकरा, मोठे मूल अडीच. धाकट्याच्या पाठीवर त्याचा स्वेटर आणि खाऊचा डबा, तोही अर्ध्या वाटेपर्यंतच. सगळे मिळून २८ किलो.

आता एका रात्रीचे सामान मांडू. पाणी आठ लिटर, म्हणजे आठ किलो. चार स्लीपिंग बॅगा साडेचार किलो. चार फोम मॅट दीड किलो. चौघांचे कपडे चार किलो. शिधा, भांडी आणि स्टोव्ह चार किलो. औषधे, टॉर्च, दोरी असे किरकोळ दीड किलो. खुद्द दोन मोठ्या सॅक सव्वातीन किलो. बेरीज पावणेसत्तावीस. तंबूसाठी उरले जेमतेम सव्वा ते दीड किलो!

चौघांचा इतका हलका तंबू आपल्या दुकानांत मिळत नाही. परदेशात मिळतो तो ट्रेकिंग पोलच्या आधाराने उभा करायचा असतो, किंमत डोळे पांढरे करणारी असते आणि आपल्या गडांवर तो का फसतो ते पुढे येईलच. तेव्हा बाकीच्या यादीतच हात घालावा लागतो. हरिश्चंद्रगडावर पाचनईची मंडळी हंगामात पिठलं-भाकरी, चहा, पोहे देतात. राजमाचीला उधेवाडीत घरोघरी जेवणाची सोय होते. जेवण तिथे घेतले की शिधा-स्टोव्हचे चार किलो एका किलोवर येतात आणि तंबूसाठी सव्वाचार किलोंची जागा होते. माणशी दीडशे-दोनशे रुपयांची ही थाळी तंबूच्या खरेदीतले काही हजार रुपये वाचवते, हे दुकानात कुणी सांगत नाही. जीन्सची जादा जोडी, स्टीलचे डबे, घरची सोलापुरी चादर यांचेही तसेच. ते घरी ठेवायला पैसे पडत नाहीत.

काट्याबद्दल आणखी एक. कंपन्या दोन वजने छापतात. एक फक्त आतला तंबू, बाहेरचे आवरण आणि पोल यांचे. दुसरे खुंट्या, दोऱ्या आणि पिशव्यांसकट सगळ्याचे. जाहिरातीत पहिले मोठ्या अक्षरांत असते. दोघांत दोनशे ते पाचशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. प्रवासी बॅग मोजायचा हुकाचा काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो सोबत घेऊन दुकानात जा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

एक किलो कमी करायला किती रुपये

बाजारात साधारण चार पायऱ्या आहेत. किमती सणासुदीला आणि हंगाम संपताना खालीवर होतात, म्हणून खालचे आकडे अंदाजाचे धरावेत.

पहिली पायरी दीड ते अडीच हजारांची. ऑनलाइन दुकानांत हे तंबू रंगीत आणि मुबलक असतात. छत्रीसारखी दोरी ओढली की उघडतात. बहुतेक एकपदरी, वर पावसाचे वेगळे आवरण नाही, शिवणीला पट्टी नाही. गच्चीवर मुलांना खेळायला उत्तम. मुक्कामासाठी घेऊ नयेत. नोव्हेंबरातले दवदेखील यांना सोसत नाही.

दुसरी पायरी तीन ते सात हजार. डेकॅथलॉनच्या क्वेचुआचे साधे घुमटाकार तंबू आणि काही भारतीय कंपन्यांचे सुरुवातीचे तंबू इथे येतात. दुपदरी, फायबरग्लासचे पोल. दोघांचा अडीच किलोंच्या आसपास, तिघांचा तीन-साडेतीन, चौघांचा चार ते साडेपाच. सह्याद्रीत दिसणारे बहुतेक तंबू याच पायरीचे आहेत, आणि ते उगाच नाही.

तिसरी पायरी नऊ ते अठरा हजार. पोल अॅल्युमिनियमचे, कापड पातळ. नेचरहाइकसारख्या चिनी कंपन्यांचे हलके तंबू आणि मोठ्या दुकानांतले खास ट्रेकिंगचे तंबू यात मोडतात. तिघांचा तंबू दोन ते पावणेतीन किलोंत बसतो, चौघांचा तीन-साडेतीनमध्ये.

चौथी पायरी बिग अॅग्नेस, एमएसआर अशा परदेशी नावांची. चौघांचा तंबू अडीच किलोंच्या आगेमागे, किंमत चाळीस हजारांच्या वर आणि वरची हद्द विचारू नये. अमेरिकेतल्या मावशीने सुटकेसमधून आणला तर काही हजार वाचतात. पोल मोडला तर दुरुस्तीसाठी मात्र पुन्हा मावशीच लागते.

आता भागाकार करू. साडेचार किलोंच्या सहा हजारी तंबूऐवजी तीन किलोंचा चौदा हजारी घेतला तर दीड किलो कमी करायला आठ हजार गेले, म्हणजे किलोमागे सुमारे सव्वापाच हजार. तिथून पुढे तीन किलोंवरून अडीचवर यायला पन्नास हजारांचा तंबू घेतला, तर अर्ध्या किलोसाठी छत्तीस हजार मोजले. किलोचा भाव बहात्तर हजार. पहिला सौदा विचार करण्यासारखा आहे. दुसरा सौदा महिनोन्‌महिने पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्यांसाठी आहे. वर्षातून चार वेळा गडावर जाणाऱ्या कुटुंबाने तो करण्यात मला अर्थ दिसत नाही. तेवढ्या पैशांत चौघांच्या चांगल्या, हलक्या स्लीपिंग बॅगा येतात, आणि त्यातच एक-दीड किलो सुटतो.

‘चार माणसांचा’ म्हणजे किती माणसांचा

तंबूवर लिहिलेली माणसे म्हणजे आत शेजारी शेजारी मावणाऱ्या चटया, याहून त्या आकड्याला अर्थ नाही. सॅक, बूट, रात्री आडवे होणारे मूल यांचा हिशेब त्यात नसतो. म्हणून आकडा सोडून जमिनीची मापे बघा. साधारण फोम मॅट ५० ते ५५ सेंटिमीटर रुंद असते. दोघांच्या तंबूची रुंदी बहुधा १३० असते, तिघांच्या तंबूची १८०च्या जवळ आणि चौघांच्या तंबूची २१० ते २४०. आई-वडिलांना पंचावन्न-पंचावन्न आणि मुलांना पंचेचाळीस-पंचेचाळीस धरले तर २०० लागतात. म्हणजे दोन मोठे आणि एक मूल असेल तर तिघांचा तंबू ऐसपैस होतो. दोन मुलांपैकी धाकटे पाच-सहा वर्षांच्या आतले असेल तर तिघांच्याच तंबूत दाटीवाटीने दोन हिवाळे निघतात. मुले आठ-दहाच्या पुढे गेली की चौघांचा तंबू किंवा दोघांचे दोन.

हलक्या तंबूंत एक मेख असते. वजन वाचवायला पायाकडची बाजू निमुळती केलेली असते आणि छापलेली रुंदी डोक्याकडची असते. जमिनीचा आराखडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लांबीही तशीच फसवी. भिंती उतरत्या असल्याने २१० सेंटिमीटरमधले डोक्यापायाकडचे दहा-दहा कामाचे नसतात. पावणेसहा फुटी माणसाला ते चालते. सहा फुटी बाबांची स्लीपिंग बॅग आतल्या ओल्या कापडाला टेकते आणि पहाटे पाय भिजतात.

दोघांचे दोन तंबू हा पर्याय दुकानदार सुचवत नाही, पण मला तो अनेक कुटुंबांसाठी सरस वाटतो. दुसऱ्या पायरीवरचे दोन तंबू सात-आठ हजारांत येतात. वजन जवळपास पाच किलो होते खरे, पण प्रत्येक सॅकमध्ये एकेक स्वतंत्र तंबू जातो. एकात आई आणि धाकटे, दुसऱ्यात बाबा आणि मोठे. गडावर सपाट जागा फार नसते; देवळामागच्या चिंचोळ्या पट्टीवर चौघांचा अवाढव्य घुमट बसत नाही, दोन छोटे बसतात. एकाचा पोल मोडला तरी रात्र निभते. मुले मोठी होऊन मित्रांबरोबर जाऊ लागली की एक त्यांना देता येतो. अडचण एवढीच की लहान मूल रात्री उठून ‘मला आईकडे जायचंय’ म्हणते आणि मग एका तंबूत तिघे, दुसऱ्यात एकटे बाबा, असा बेत पहाटेपर्यंत ठरतो.

दारे दोन हवीत, निदान चौघांच्या तंबूला. लघवीला उठणारे मूल नेमके दाराच्या विरुद्ध टोकाला झोपलेले असते. दारापुढे आवरणाखाली बूट आणि सॅक ठेवायला ओसरी हवी. ती नसेल तर सगळे आत येते आणि वर काढलेले २०० सेंटिमीटर कोलमडतात. उंचीचा मोह मात्र टाळा. उभे राहता येईल असा तंबू वाऱ्यात शिडासारखा फुगतो. बसून कपडे बदलता येतील इतपत, म्हणजे १०० ते ११५ सेंटिमीटर, पुरेसे आहेत.

कातळावर उभा राहील का

परदेशी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून तंबू निवडणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. तिकडच्या कुरणातल्या मऊ मातीत खुंटी अंगठ्याने दाबली की जाते. आपल्याकडे गडमाथ्यावर काळा कातळ, कोकणात आणि घाटमाथ्याच्या काही पठारांवर जांभा, आणि डिसेंबरनंतर दगडासारखी टणक झालेली माती. ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे अतिहलके तंबू पूर्णपणे खुंट्यांच्या ताणावर टिकतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूला खुंटी गेली नाही तर तो तंबू नुसतेच एक महागडे कापड. आपल्याकडच्या कुटुंबाने स्वतःच्या पोलवर उभा राहणारा घुमटच घ्यावा, मग तो अर्धा किलो जड असला तरी. खुंटी न मारताही तो आकार धरतो. चारही कोपऱ्यांना लांब दोऱ्या बांधून मोठ्या दगडांना अडकवल्या की काम होते. दगड तंबूच्या आत ठेवू नका, खालचे कापड फाटते. आणि त्यासाठी तटबंदीचा किंवा जोत्याचा दगड हलवणे हा तर गुन्हाच मानावा.

तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या पहिल्याच मुक्कामात वाकतात. वाय किंवा व्ही आकाराच्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या शंभर रुपयांच्या आसपास एक, अशा आठ घ्या. पातळ पण मजबूत दोरी पंधरा मीटर, दीड-दोनशे रुपये. मोडलेल्या पोलवर चढवायची छोटी नळी बऱ्याचदा पिशवीतच असते. नसेल तर मागून घ्या. फायबरग्लासचा पोल मोडताना उभा चिरतो आणि त्याच्या कुसळी मुलांच्या हातात घुसतात. तो जोडायचे काम मोठ्यांनी, हातमोजे नसतील तर रुमाल गुंडाळून करायचे. अॅल्युमिनियमचा वाकतो, बहुधा सरळही होतो. तिसऱ्या पायरीसाठी जादा पैसे देण्याचे माझ्या लेखी हे वजनाइतकेच मोठे कारण आहे.

वारा नेहमीच विसरला जातो. माथ्यावर जानेवारीच्या रात्री वारा असा सुटतो की स्वस्त घुमट अंगावर वाकतो. कड्यापासून लांब, देवळाच्या किंवा झाडोऱ्याच्या आडोशाला जागा धरा, आणि तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. मुले असताना कड्यापासूनचे अंतर दृश्यापेक्षा महत्त्वाचे, हे वेगळे सांगायला नको. रात्री झोपेत उठलेले मूल दिशा ओळखत नाही.

कापडावरचे आकडे

खोक्यावर तीन खुणा दिसतात, त्यांतल्या दोनच कामाच्या. ‘डी’ म्हणजे डेनिअर, नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. २०डी पातळ, ४०डी मध्यम, ६८डी जाड. मुले तळावर गुडघ्यांनी रांगणार, खेळण्यातली गाडी फिरवणार. वरचे आवरण २०डी चालेल, तळ ४०डीच्या खाली नको. दुसरी खूण ‘एमएम’. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर पाणी झिरपू लागते, त्याचा हा आकडा. वरच्या आवरणाला १५०० ते २००० पुरतात. तळाला ३००० हवेत, कारण ओल्या जमिनीवर टेकलेला गुडघा पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जोराने पाणी वर ढकलतो. तळ त्याहून कमी असेल तर खाली अंथरायला प्लॅस्टिकचा कागद घ्या आणि त्याचे अडीच-तीनशे ग्रॅम तंबूच्या वजनात मिळवा. हा कागद तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहानच कापायचा. बाहेर डोकावला तर आवरणावरून ओघळलेले दव गोळा करून तुमच्या अंगाखाली आणतो. तिसरी खूण ‘टी’, धाग्यांच्या विणीची दाटी. १९०टी, २१०टी. हिच्यावर फार वेळ घालवू नका.

नायलॉन की पॉलिस्टर? नायलॉन वजनाच्या मानाने मजबूत, पण ओले झाले की सैल पडते आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिस्टर ताण धरते आणि उन्हालाही जास्त टिकते. आपल्या उन्हात मी पॉलिस्टरकडे झुकेन.

आतला तंबू सगळा जाळीचा की अर्धा कापडाचा, हा मुलांच्या बाबतीत खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळी सुखाची. डिसेंबरात माथ्यावर तीच जाळी वारा आणि धूळ आत सोडते आणि धाकट्याला सर्दी होते. खाली कापड, वर जाळी असा मधला प्रकार बघा. मात्र सगळी बंदिस्ती करून वरच्या झडपा लावून घेऊ नका. चौघांच्या श्वासातून रात्रभरात बाहेर पडणारी वाफ थंड आवरणावर पाणी होऊन साचते, आणि सकाळी लोक समजतात की तंबू गळतो. अशा ‘गळक्या’ तंबूंच्या तक्रारींत दुकानदाराचे म्हणणे बऱ्याचदा बरोबर असते.

काळ्या अस्तराचे, सकाळी उशिरापर्यंत आत अंधार आणि गारवा ठेवणारे तंबूही मिळतात. तान्ह्या मुलाला दुपारी झोपवायला झकास. पण जड आणि महाग. गाडी थेट जाते तिथे न्या.

पावसाळ्यासाठी म्हणून तंबू निवडायची गरज नाही. घाटमाथ्यावरचा जुलैचा पाऊस कुठल्याही पायरीचा तंबू एका रात्रीत हरवू शकतो, आणि त्या दिवसांत मुलांना गावातल्या पडवीसारखी जागा नाही. तंबू ऑक्टोबर ते मार्चचा.

स्वयंपाक तंबूत करायचा नाही. ओसरीतही नाही. कापड क्षणात पेट घेते आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. थंडी कितीही असली तरी शेगडी किंवा निखारे आत आणू नयेत. आतल्या तंबूची चेन संध्याकाळपासून कायम बंद, म्हणजे विंचू-साप बाहेर राहतात. मुलांना ही एक शिस्त घरूनच लावून न्या.

घ्यायचा की भाड्याने

पुणे, मुंबई, नाशिकच्या ट्रेकिंग सामानाच्या दुकानांत दोघा-तिघांचा तंबू रात्रीला दोनशे ते चारशे आणि चौघांचा चारशे ते सातशे रुपयांना भाड्याने मिळतो, वर परत मिळणारी अनामत. शनिवार-रविवारला बहुतेक ठिकाणी दोन दिवसांचे पैसे लावतात. म्हणजे एका मुक्कामाचा खर्च हजार-बाराशे. वर्षातून दोनदा जाणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला दोन-अडीच हजार होतात. चौदा हजारांच्या तंबूचे पैसे फिटायला सहा वर्षे लागतील, आणि मुले आई-बाबांबरोबर एका तंबूत आनंदाने झोपतात तो काळ, चौथ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत, जेमतेम आठ वर्षांचा. दोनदा जाणाऱ्यांनी भाड्याने घ्यावा. चार-पाच वेळा जाणाऱ्यांनी विकत घ्यावा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, कितीही हौस असली तरी, भाड्याचाच. मुलाला तंबूत झोप येते की रात्री दोन वाजता घर आठवते, हे हजार रुपयांत कळले तर स्वस्तात कळले.

भाड्याचा तंबू ताब्यात घेताना दुकानातच उघडा. पोलचे सगळे तुकडे एकमेकांत बसतात का, आतली रबरी दोरी शाबूत आहे का, दोन्ही चेनी एका हाताने सरकतात का, खुंट्या किती, दोऱ्या किती. कुबट वास आणि हाताला चिकटणारे कापड असेल तर दुसरा मागा.

गडांच्या परिसरात गावकरी लावून दिलेले तंबूही भाड्याने देतात. हरिश्चंद्रगडावर हंगामात ही सोय असते. पाठीवर काही न्यायचेच नाही. पैसे थेट गावात जातात, हा वरचा फायदा. तंबूची प्रत कशी असेल ते नशीब, म्हणून मुलांच्या स्लीपिंग बॅगा स्वतःच्या न्या.

हिमालयासाठी म्हणून तंबू घेणाऱ्यांनी जरा थांबावे. यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या कौटुंबिक शिबिरांत किंवा ट्रेक नेणाऱ्या संस्थांकडे तंबू त्यांचेच असतात. उत्तराखंडात तर उच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. आपल्याकडेही कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी, प्रवेशशुल्क आणि गडावरच्या मुक्कामाचे त्या वेळचे नियम आधी विचारून घ्या. काही गडांवर मुक्काम चालतच नाही. परवानगी नसलेल्या जागी तंबू ठोकून मुलांना पहिला धडा कसला देणार?

माळ्यावरचा मुक्काम

तंबू गडावर कमी मरतात, माळ्यावर जास्त. रविवारी संध्याकाळी दमून घरी आल्यावर दवाने ओलसर तंबू तसाच पिशवीत कोंबून माळ्यावर जातो, आणि मुंबई-ठाणे-रत्नागिरीच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढतो. बहुतेक तंबूंना जलरोधक लेप पॉलियुरेथेनचा असतो. ओलाव्याने त्याची रासायनिक मोडतोड होते. आधी वास येतो, मग कापड चिकट होते, शेवटी लेप पापुद्र्यासारखा सुटतो. त्यावर इलाज नाही. शिवणीवरची पट्टी तेवढी नव्याने लावता येते. किंमत जास्त मोजली म्हणून हे टळत नाही. सिलिकॉनच्या लेपाला हा रोग होत नाही. पण वरच्या पायरीवरच्या सिलिकॉन आवरणाच्या तंबूतही आतल्या बाजूला किंवा तळाला पॉलियुरेथेन असू शकते, तेव्हा विचारून घ्या.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तंबू दोरीवर, पण सावलीत, पूर्ण वाळवायचा. मूळ घट्ट पिशवीत न ठेवता जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवायचा. पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून हवा द्यायची. धुवायचा तर थंड पाणी आणि सौम्य साबण. वॉशिंग मशीन नाही. हे होणार नसेल, आणि बऱ्याच घरांत ते होत नाही हे मान्य करू, तर भाड्याचा तंबू बरा. ज्याच्या घरी वाळत घालायला गच्ची नाही त्याने चौदा हजार गुंतवण्याआधी हा मुद्दा वजनाइतकाच गंभीरपणे घ्यावा.

पावती आणि पहिली रात्र

खरेदीनंतर तंबू पहिल्यांदा गडावर उघडू नका. सोसायटीच्या गच्चीवर किंवा आवारात लावा, मुलांना पोल ओवू द्या, मग वीस मिनिटे पाइपने पाणी मारा. शिवणीतून पाणी आले तर परत द्यायची मुदत अजून शिल्लक असते. म्हणूनच लेबले तोवर कापायची नाहीत. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचे नाव-पत्ता, वस्तू कुठल्या देशात बनली आणि परतीच्या अटी दिसल्या पाहिजेत; २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी हे बंधनकारक आहे. छापलेले वजन आणि काट्यावरचे वजन यांत अर्ध्या किलोचा फरक निघाला तर फोटो काढून लेखी कळवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

एकूण खर्चात तंबूशिवाय काय धरायचे? आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाने पाच-सहा हजारांचा, साडेतीन किलोंच्या आतला तिघांचा दुपदरी तंबू घेतला, तर खुंट्या आणि दोरी हजार, चार फोम मॅट दोन ते अडीच हजार, तळाचा कागद दोन-तीनशे. स्लीपिंग बॅगा घरात नसतील तर त्या चार मिळून सहा ते दहा हजार. म्हणजे पंधरा ते वीस हजारांत घडी बसते, आणि त्यातला तंबू तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच असतो. दोन वर्षांनी मोठे मूल अकराचे झाले आणि उत्साह टिकला, तर तेव्हा अॅल्युमिनियमच्या पोलचा चौघांचा घ्यावा आणि पहिला विकून टाकावा. ट्रेकिंग ग्रुपांत जुने तंबू निम्म्या किमतीला जातात. घेणारा आधी कापडावरून बोट फिरवतो, मग वास घेतो आणि लगेच मूळ पावती मागतो. म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरे वर्षभरात उडतात.